सा, प आणि गावठी हात: मेटल वाजवणाऱ्याच्या कानात आधी काय पडलेलं असतं

गेल्या श्रावणात नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या गिटारच्या क्लासवर एका विद्यार्थ्याच्या आई आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "सर, आमच्या घरात भजन आजचं नाही, याच्या पणजोबांपासूनचं आहे. हा पाच वर्षांचा होता तेव्हापासून आजोबांच्या शेजारी बसून टाळ वाजवायचा. अन् आता हे काय वाजवतो? मांडणीवरची सगळी भांडी खाली आल्यासारखं."

मी म्हटलं, "ताई, बरंचसं तेच वाजवतोय."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. आत त्यांच्या चिरंजीवांची गिटार फुल आवाजात चालू होती, त्यामुळे दारात उभं राहून समजावून सांगणं शक्यच नव्हतं. तेव्हा राहिलेलं आता सावकाश सांगतो.

हेवी मेटल म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढच्या काही ओळी सोडल्या तरी चालतील. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधली पोरं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, मोठ्या आवाजात वाजवू लागली. त्यातूनच बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ हा बँड निघाला. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथून मोजतात. या संगीताचा कणा म्हणजे रिफ, गिटारवरची छोटी, फिरून फिरून येणारी सुरावट. तबल्याच्या सोलोला पेटीवर नगमा धरतात ना, एकच ओळ तासभर? तसंच. फक्त मेटलमध्ये नगमाच पुढे येऊन बसतो आणि बाकी सगळे त्याच्या मागे.

दुसरी गोष्ट डिस्टॉर्शन. अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका मोठा सूर आत सोडला की लहरीचे शेंडे कापले जातात आणि सूर फाटतो. मंडळाच्या जुन्या कर्ण्यावर आरती फाटते, अगदी तसा. इथे तो मुद्दाम फाडलेला असतो एवढंच.

आता या फाटलेल्या आवाजात एक अडचण येते. सा आणि ग एकदम छेडले तर दोघांच्या लहरी एकमेकींत घुसून नको ते सूर तयार होतात आणि सगळा गाळ होतो. सा आणि प चं मात्र तसं होत नाही. त्यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. सा सेकंदाला २०० वेळा कंप पावत असेल तर प ३०० वेळा. डिस्टॉर्शनमधून या दोन आकड्यांच्या वजाबाकीचाही सूर बाहेर पडतो, म्हणजे १००. आणि १०० म्हणजे कोण? खालच्या सप्तकातला सा. वाजवले दोन, ऐकू आला तिसराही, आणि तो खर्जातला. मेटल ऐकताना छातीवर जे वजन बसतं, त्यात या न वाजवलेल्या सा चा मोठा हात आहे. गिटारवाले सा-प च्या जोडीला पॉवर कॉर्ड म्हणतात.

वारकरी भजनातली वीणा आठवा. वीणेकरी तिच्यावर चाल वाजवत नाही, तो तारा छेडत उभा असतो आणि बाकीचे त्या आधारावर गातात. तानपुऱ्याचं काम तेच. या मुलाला मी पहिल्या महिन्यात रिवाजाप्रमाणे मेजर, मायनर कॉर्ड, म्हणजे सा, ग, प एकदम छेडणं, शिकवायला घेतले. बोटं बरोबर पोचत होती, पण त्याला त्यात करमेना. पॉवर कॉर्ड दाखवला त्या संध्याकाळी तो घरी जायला उठेना. पुढच्या आठवड्यात आला तर सगळ्यात जाड तार मोकळी सोडून सतत वाजत ठेवलेली आणि वरच्या तारांवर चाल बांधलेली. हे मी शिकवलं नव्हतं. जाड तारेची वीणा त्याची त्याने करून घेतली होती.

आणखी एक. मेटलवाल्यांना कोमल रिषभ फार आवडतो. सा वर ठोकत राहायचं, मध्येच शेजारच्या कोमल रे वर उडी, की परत सा. सा ते सा आणि मधले रे, ग, ध, नी चारही कोमल, या स्वरांच्या संचाला पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन म्हणतात. आपल्याकडे त्याला भैरवी थाट म्हणतात. (भैरवी राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे शास्त्रीयवाल्यांनी मला कळवू नये. मान्य आहे.) मेटलच्या श्रोत्याला हा कोमल रे अंधारातून कोणीतरी येतंय असा ऐकू येतो. आपल्याकडे भैरवीने मैफल संपते, तबला गवसणीत जातो आणि लोक चपला शोधायला लागतात. या मुलाला मी एकदा विचारलं, हा रिफ वाजवताना तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं? मला कवटी, आग, असलं काही उत्तर अपेक्षित होतं. तो म्हणाला, "आजोबा पेटी बंद करतात ते."

कलाकारावर कुणाचा प्रभाव आहे असं विचारलं की लोक नावं सांगायला लागतात. मला तो प्रश्न जरा उशिराचा वाटतो. नाव सांगण्याच्या कितीतरी आधी कानाने एक गोष्ट ठरवून टाकलेली असते: कुठला सूर घरचा आणि कुठला पाहुणा. पुढे माणूस कुठलंही वाद्य हातात घेवो, घरच्या सुराकडे त्याचा हात आपोआप वळतो. नावं त्यानंतर येतात.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ज्याने हे संगीत उभं केलं त्याच्यात. टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथचा गिटारवाला. बर्मिंगहॅम हे लोखंड-पत्र्याचं शहर. टोनी सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. एका बँडबरोबर युरोपात वाजवायला जायचं नक्की झालं होतं आणि नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचा त्याचा विचार नव्हता. आईने सांगितलं, दिवस पुरा करून ये. त्या दुपारी त्याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या व अनामिकेच्या बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच.

कारखान्याच्या मॅनेजरने त्याला घरी एक रेकॉर्ड आणून ऐकवली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट. १९२८ साली जँगोच्या गाडीघराला आग लागून त्याची डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि उरलेल्या दोनांवर त्याने जॅझ गिटारमध्ये नाव काढलं होतं. ते ऐकून टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. जाड तारा दाबल्या की दुखायचं म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तारा उतरवायला लागला, दीड स्वर खाली. तार सैल झाली, बोटाला सोपं गेलं, आवाज खोल गेला. त्यानंतर जगभरच्या मेटल बँडनी तारा उतरवल्या, कुणाचंही बोट तुटलेलं नसताना.

अपघाताची ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिच्या आधीचा भाग मात्र लोक गाळतात. टोनीचा शाळकरी वयातला हिरो होता हँक मार्विन, द शॅडोज या बँडचा गिटारवाला. शॅडोजची गाजलेली गाणी बिनशब्दांची, नुसत्या वाद्यांची. गायक नसला तरी गिटारने गोष्ट पुढे न्यायची असते, हे त्या पोराला फार लवकर कळलेलं असणार. ब्लॅक सॅबथच्या गाण्यांत गायक पुष्कळदा रिफच्याच चालीवर गातो, ते मला तिथून आलेलं वाटतं. बोटं तुटली नसती तरी रिफ आला असता, फक्त इतका खाली उतरला नसता.

आणि तो पहिल्या अल्बमचा पहिला रिफ. तीन सूर: सा, वरचा सा, मग तीव्र म. बस. पाश्चात्त्य पट्टीत जी, वरचा जी आणि सी शार्प. बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा गीझर बटलर त्या दिवसांत गुस्ताव होल्स्टची मंगळ ग्रहावरची वाद्यवृंदाची रचना वाजवून बघत होता, त्यातूनच हे सुचलं. सा आणि तीव्र म हे अंतर चर्चने मध्ययुगात बंद केलं होतं, सैतान येतो म्हणून, ही कथा तुम्ही ऐकली असेल. तशा बंदीचा पुरावा सापडत नाही. मेटलवाल्यांना ती सोडवत नाही, ते वेगळं. आपल्याकडे मात्र संध्याकाळी पूरिया धनाश्री ऐकणाऱ्याला तीव्र म ची कसली भीती? त्याला त्यात दिवेलागण दिसते.

इथे एक सिद्धांत हमखास पुढे येतो: बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या ठोक्यांतून मेटल जन्माला आलं. ज्युडास प्रीस्ट हा बँडही तिकडचाच, आणि त्यांच्या १९८० च्या अल्बमचं नावच ब्रिटिश स्टील. मला हा सिद्धांत अर्धा पटतो. अर्धा का, ते सांगतो. मी सातपूरचा. वडील एमआयडीसीत तीन पाळ्यांत. रात्री गावात सामसूम झाली की पॉवर प्रेसचा ठोका घरापर्यंत यायचा, धप्प, थोडी उसंत, धप्प. आमच्या चाळीत एक काका होते, त्यांच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं. त्याच हाताने ते आम्हाला पतंगाची कणी बांधून द्यायचे. तरी सातपुरात हेवी मेटल जन्मलं नाही. पत्रा होता, प्रेस होता, तुटलेली बोटंही होती. ब्लूजच्या रेकॉर्डी नव्हत्या, हप्त्यावर मिळणारा अ‍ॅम्प नव्हता आणि शनिवारी रात्री चार पोरांना कोपऱ्यात वाजवू देणारा पब नव्हता. कानात कितीही आवाज साठला तरी तो बाहेर काढायला वाट लागते. आमच्याकडे वाट होती ती एकच, गणपतीचा ढोल.

नाशिक ढोल हे नाव इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. भाद्रपदाच्या दोन महिने आधीपासून गंगापूर रोडच्या मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी सराव सुरू होतो आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या तक्रारीही. आमच्या क्लासच्या मागच्या खोलीत एक ड्रमसेट आहे. तो वाजवायला येणारा एक मुलगा आठवीपासून पथकात. त्याच्यामुळे ही सगळी भानगड मला खरी समजली, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

पहिल्या दिवशी तो स्टुलावर बसला आणि त्याने साधा ठेका धरला. उजवा हात असा पडत होता की खोलीच्या काचा वाजत होत्या. टिपरूने ढोल वाजवणाऱ्याची ताकद मनगटातून येत नाही, खांद्यातून आणि कमरेतून येते, कारण त्याला ते ओझं कमरेला बांधून पाच-सहा तास चालायचं असतं. मेटलच्या ड्रमरला जो दणका हवा असतो आणि जो कमवायला वर्षं जातात, तो याच्याकडे आयता होता. मी खूश. मग मी त्याला डबल बेस पेडल दाखवलं. दोन्ही पायांनी मोठा ड्रम घोड्याच्या टापांसारखा वाजवायचा असतो, वेगवान मेटल त्याच्यावर चालतं. त्याचे पाय म्हणजे दोन लाकडं. हलेनातच. हलणार कसे, आठ वर्षं त्या पायांनी फक्त चालायचं काम केलं होतं. लहानपणच्या वादनाने जे दिलं ते उजव्या हाताला दिलं, पायाच्या वाट्याला काही आलंच नव्हतं. पुढचे सात महिने आम्ही फक्त पाय वाजवले.

दुसरी अडचण मोठी होती आणि मला ती आधी कळलीच नाही. रेकॉर्डिंगसाठी कानात क्लिक लावतात, म्हणजे यंत्राची टिकटिक, मिनिटाला ठरलेल्या मात्रा. मी १२० लावली. पहिला अंतरा ठीक. दुसऱ्याला तो पुढे सरकला. शेवटी क्लिक बंद करून मोजलं तर साहेब १२८ वर पोचले होते. तीनदा केलं, तीनदा तेच. मी चिडलो. तो म्हणाला, "सर, चढवायची असते ना?" आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मिरवणुकीत लय चढते. चढलीच पाहिजे. वाकडी बारवेवरून निघालेलं पथक मेन रोडला त्याच संथ लयीत पोचलं तर लोक घरी जातील. गावठी हात, म्हणजे पथकाचा एक ठेका, धरला की हळूहळू तापवत न्यायचा, हे त्याच्या अंगात भिनलेलं. मी ज्याला चूक म्हणत होतो ते त्याच्या दृष्टीने कसब होतं.

गंमत बघा, ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात, साधारण बारा तासांत रेकॉर्ड झाला. सगळे एका खोलीत बसून वाजवत होते, कानात टिकटिक नाही. त्यांचा ड्रमर बिल वॉर्ड लहानपणापासून जॅझवर वाढलेला, जीन क्रुपासारख्या बिग बँडच्या ड्रमरांचा भक्त. त्याच्या ठेक्याला एक झोका आहे, आपल्या दादऱ्याला असतो तसा. लय गाण्याबरोबर वरखाली होते. आजच्या संगणकावर घासून पुसून केलेल्या मेटलमध्ये तो झोका सापडत नाही. आम्ही शेवटी तडजोड केली: गाण्याचा पहिला भाग क्लिकवर, शेवटचा भाग क्लिकशिवाय, चढू दे तिला चढायचं तितकं. त्या गाण्यातला तेवढाच भाग लोक पुन्हा लावून ऐकतात.

लय कानात किती लवकर बसते यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. २००५ मध्ये एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधक बायकांनी उत्तर अमेरिकेतल्या तान्ह्या बाळांना दोन प्रकारचं संगीत ऐकवलं. एक तिकडच्या सवयीच्या सरळ ठेक्यांचं आणि एक बाल्कन प्रदेशातलं, सातसारख्या वाकड्या मात्रांचं. मध्येच ठेका बिघडवायचा आणि बाळाच्या लक्षात येतं का बघायचं. सहा महिन्यांच्या बाळांना दोन्हीकडची गडबड कळली. तिथल्याच मोठ्या माणसांना फक्त सरळ ठेक्यातली कळली. वर्षाची बाळं मोठ्यांच्या बाजूला झुकायला लागली होती. पण त्यांना दोन आठवडे घरी ते बाल्कन संगीत ऐकवल्यावर त्यांचा कान पुन्हा उघडला, मोठ्यांचा तसा उघडला नाही. म्हणजे बाळ जन्माला येतं तेव्हा सगळ्या लयी त्याच्या असतात. घरात ज्या वाजतात तेवढ्या राहतात, बाकीच्यांची दारं हळूहळू लोटली जातात. बंद होत नाहीत, पण नंतर ढकलायला जोर लागतो.

ज्या घरात रूपक आणि झपताल वाजतो तिथल्या पोराला सात आणि दहा मात्रांचं नवल वाटत नाही. मेटलमध्ये याचा थेट उपयोग होतो. स्वीडनमध्ये मेशुगा नावाचा बँड आहे. त्यांची झांज चार-चारच्या साध्या चालीत असते आणि खाली गिटार भलत्याच लांबीचा रिफ फिरवत राहते. समजा रिफ सात मात्रांचा आणि झांज चारची. दोघं भेटणार अठ्ठावीस मात्रांनी. मधल्या काळात ऐकणारा हरवतो, म्हणूनच त्या बँडचे भक्त एवढे वेडे. माझ्या भजनी घरातल्या विद्यार्थ्याला ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तो मांडीवर बोटं मोजत बसला आणि अठ्ठावीस मात्रा संपून पुढची पडली तिथे त्याने मान हलवली. सम. बाकी पोरं त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या आजोबांना बोलावलं असतं तर त्यांनीही तिथेच मान हलवली असती, कान झाकून का होईना.

कानावर आपोआप पडलेलं हे झालं. तेरा ते सोळा या वयात माणूस स्वतः निवडून जे ऐकतो त्याची तऱ्हा निराळी. श्रोत्यांच्या आवडीबद्दल १९८९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की माणसाला सगळ्यात प्रिय गाणी साधारण त्याच्या तेविशी-चोविशीच्या सुमाराला गाजलेली असतात. वाजवणाऱ्यांचं मी बघतो ते याच्या बरंच आधी ठरतं. बोटं ज्या वर्षी नवी नवी शिकतात त्या वर्षी समोर जे असेल ते बोटांत मुरतं.

माझ्या बोटांत काय मुरलं? कॉलेज रोडवरच्या एका मित्राची कॅसेट, कॅसेटवरून केलेली कॅसेट, तिच्यावरून केलेली माझी. तिसऱ्या हाताला येईपर्यंत झांजा गायब, फक्त खालचा गडगडाट शिल्लक. मी बेस वाजवायला लागलो याचं कारण लोक विचारतात. त्या कॅसेटवर ऐकू येत होता तो बेसच! वर आमचा टेप जरा पळायचा. त्यामुळे सगळी गाणी मी अर्धा स्वर चढी शिकलो आणि तसाच गिटार लावत राहिलो. पुढे ऑगस्टमध्ये पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक ऐकायला. स्टेजवरचा बँड माझं पाठ असलेलं गाणं वाजवायला लागला आणि मला वाटलं यांची पट्टी चुकली. रात्री व्हीटीच्या फलाटावर पेपर अंथरून पडलो तरी मी मित्रांशी त्याच मुद्द्यावर भांडत होतो. आजही ते गाणं मूळ पट्टीत ऐकलं की मला ते थकलेलं वाटतं.

पहिल्या पिढीच्या मेटलवाल्यांना लहानपणी ऐकायला मेटल नव्हतंच. त्यांनी ब्लूज ऐकला, जॅझ ऐकला, चर्चचं गाणं, सिनेमाची गाणी, वाद्यवृंद, आणि त्यातून हे नवीन काढलं. दुसऱ्या पिढीने पहिली पिढी ऐकली. आता माझ्याकडे येणारी काही पोरं बारा वर्षांची असल्यापासून फक्त मेटल ऐकतात, त्यातही एकाच उपप्रकारातलं. हात त्यांचे माझ्यापेक्षा दसपट तयार. पण चार गाणी ऐकली की पाचवं कसं जाणार ते मला आधीच कळतं. माझ्या कॅसेटसारखं होतं त्यांचं. प्रतीवरून प्रत काढत गेलं की काहीतरी गायब होतं आणि ज्याने मूळ ऐकलंच नाही त्याला ते गेल्याचंही कळत नाही.

करिअरच्या वळणावर बालपण कसं डोकावतं याची उदाहरणं हवीत तर मेटॅलिका घ्या. ड्रमर लार्स उलरिकचे वडील टेनिसपटू, घरात जॅझ. १९७३ मध्ये कोपनहेगनला तो नऊ वर्षांचा असताना डीप पर्पलची मैफल ऐकून आला आणि पछाडला. तो अमेरिकेत गेला टेनिससाठी, पण वेड रेकॉर्डी जमवण्याचं. १९८१ मध्ये तर डायमंड हेड हा आवडता बँड ऐकायला तो पोरगा सरळ इंग्लंडला जाऊन पोचला. वाजवणारा म्हणून त्याच्यापेक्षा सरस ड्रमर शेकडो आहेत, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण शेकडो रेकॉर्डी ऐकलेल्या माणसाला गाणं कुठे वळवायचं ते कळतं आणि त्याची कमाई ती आहे. त्याच बँडचा पहिल्या काळातला बेसवाला क्लिफ बर्टन लहानपणी पियानो शिकलेला, बाखचा भक्त. दोन गिटारींना वेगवेगळे सूर देऊन एकत्र कसं चालवायचं, हे बाकीच्यांनी त्याच्याकडून घेतलं. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. गिटारवाला रँडी ऱ्होड्स, त्याची आई संगीत शाळा चालवायची. ब्लॅक सॅबथचा पहिला गायक ऑझी ऑसबोर्न याच्या बँडमध्ये मोठा झाल्यावरही हा पोरगा दौऱ्यात गावोगावी क्लासिकल गिटारचे मास्तर शोधून शिकवणी घ्यायचा.

हे वाचून मला नेहमी आपले दत्तात्रेय विष्णु पलुस्कर आठवतात. १९२१ चा जन्म, नाशिकचा. वडील विष्णु दिगंबर गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. वडिलांची गायकी त्यांना पुढे मिळाली ती वडिलांच्या शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धनांसारख्या. तरी त्यांचं भजन ऐकताना लोकांना घरातूनच आलेलं वाटायचं. पंचवटीत काय आणि कॅलिफोर्नियात काय, पहिली दहा वर्षं कानावरून काय गेलं ते पुसलं जात नाही. इतकंच की ते बाहेर काढणारा कोणीतरी नंतर भेटावा लागतो.

ब्राझीलच्या सेपुल्टुराची गोष्ट उलट्या दिशेने जाते. सुरुवातीचे त्यांचे अल्बम अमेरिकेतल्या बँडसारखे. वेगवान, चोख, इंग्रजीत. नाव झालं. मग १९९६ च्या रूट्समध्ये त्यांनी ब्राझीलच्या तालवाद्यांना आत घेतलं, शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंग केलं. लहानपणी रस्त्यावर जे ऐकू येत होतं आणि सोळाव्या वर्षी ज्याची लाज वाटत असेल, ते तिशीच्या आसपास स्टेजवर आलं. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल घेऊन तेच केलं. २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेनच्या मैदानात गोरी माणसं त्या ढोलावर उड्या मारत होती.

यानंतर इथल्या प्रत्येक बँडला वाटायला लागलं की आपणही ढोल, संबळ, पिपाणी काहीतरी घालावं. माझं यावर जरा तिरकं मत आहे. घालावं म्हणून घातलेला संबळ लगेच ओळखू येतो. गाणं थांबतं, संबळ येतो, संबळ जातो, गाणं पुढे चालू होतं. वऱ्हाडात आलेल्या साहेबासारखा. माझ्या पथकवाल्या ड्रमरने आजवर एकाही गाण्यात ढोल आणलेला नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "सर, कशाला?" त्याच्या उजव्या हातात तो आहेच, प्रत्येक ठोक्याला.

मग ज्यांच्या घरात भजन नाही, पथक नाही, तानपुरा नाही, त्यांचं काय? हा प्रश्न मला गेल्या महिन्यात एका नव्या मुलाने विचारला. अंबडला राहतो, आई-वडील दोघं कामाला, घरात रेडिओसुद्धा नाही. मी सगळ्या नव्यांना विचारतो तेच त्याला विचारलं होतं: लहानपणी सकाळी जाग यायची तेव्हा कानावर काय यायचं? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "पाण्याची मोटर. टाकी भरायची सोसायटीची."

म्हटलं, आवाज काढून दाखव.

लाजत लाजत त्याने तोंड बंद ठेवून हुंकार धरला. मी ट्यूनर पुढे केला. जी, जरासा चढा. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५०, मोटरची घरघर बहुधा त्याच्या दुप्पट, १००. शंभर म्हणजे जी च्या किंचित वर. पोराने सूर बरोबर लक्षात ठेवला होता, बारा वर्षं, कोणी न सांगता. मी बेसची जाड तार जी ला लावली, मग मोटरइतकी चढवली आणि मोकळी छेडत राहिलो. त्याला म्हटलं, याच्यावर काहीतरी शोध. त्या तासाला त्याने तीन सूर शोधले, त्यातला एक कोमल रे होता.